सूत्र एकच, पण तापमान कुठून आणायचं? बोल्ट्झमन, एलएलआर आणि ब्रेडची निवड

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्याचं शिक्षण भौतिकशास्त्राचं, रोजचं काम वायरलेस रिसीव्हरच्या सॉफ्ट डीमॅपरवर (आलेल्या सिग्नलवरून प्रत्येक बिट ० की १ हे किती खात्रीने सांगता येतं ते काढणारा भाग; त्याचं उत्तर म्हणजे एलएलआर, दोन शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉग), आणि आता ग्राहक खाद्यपदार्थ कसे निवडतात या सर्वेक्षणाचं विश्लेषण गळ्यात पडलंय. सहकारी सांगतात, ‘लॉजिट म्हणजे बोल्ट्झमनच की, तुझा जुना कोड चालव.’ (लॉजिट हे माणूस कुठला पर्याय निवडेल याची शक्यता काढणारं मॉडेल; बोल्ट्झमनचं सूत्र भौतिकीतल्या अवस्थांच्या शक्यता देतं.) हे कितपत खरं, आणि कुठे पाय घसरतो?

सूत्रापुरतं सहकाऱ्यांचं बरोबर आहे. कोडही बराचसा चालेल. घसरगुंडी आहे ती निष्कर्षात, आणि तिचं कारण एकच: या सूत्रात एक ‘तापमान’ दडलेलं असतं. ते भौतिकीत मोजता येतं, रेडिओत अंदाजता येतं आणि निवडीच्या डेटात सुटं करून काढताच येत नाही. पुढचं जवळजवळ सगळं उत्तर या एका फरकाभोवती फिरतं.

आधी साम्य पाहू. तिन्हीकडे प्रत्येक शक्यतेला एक आकडा द्यायचा, तो ई या पायाच्या घातांकात चढवायचा आणि सगळ्या शक्यतांच्या बेरजेने भागायचं. भौतिकीत तो आकडा म्हणजे उणे ऊर्जा भागिले केटी (बोल्ट्झमन स्थिरांक के गुणिले तापमान टी). ३०० केल्विनला केटी सुमारे ०.०२५९ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरतं, त्यामुळे ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट वरच्या अवस्थेचं वजन तळाच्या अवस्थेच्या साधारण ०.०२१ पट. रिसीव्हरमध्ये तो आकडा म्हणजे आलेला बिंदू आणि कॉन्स्टेलेशनचा (पाठवता येणाऱ्या ठरलेल्या बिंदूंच्या संचाचा) बिंदू यांच्यातल्या अंतराचा वर्ग, उणे चिन्हासह, भागिले नॉइजची घनता. निवडीच्या मॉडेलमध्ये तो आकडा म्हणजे पर्यायाची उपयोगिता, म्हणजे तो ग्राहकाला किती हवासा आहे: किंमत गुणिले तिचा सहगुणक (तिला दिलेलं महत्त्व), अधिक पॅकवर लेबल आहे की नाही (१ किंवा ०) गुणिले त्याचा सहगुणक, असं करत जे जमेल ते. डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ च्या लेखात या मॉडेलला उपयोगितेचा पक्का पाया घालून दिला आणि २००० साली जेम्स हेकमन यांच्यासोबत त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाया असा: उपयोगितेचा एक भाग संशोधकाला दिसतो, एक दिसत नाही. न दिसणारा भाग प्रत्येक पर्यायासाठी स्वतंत्र आणि गुंबेल वितरणाचा (उजवीकडे लांब शेपटी असलेलं एक ठरावीक वितरण) मानला की लॉजिटचं सूत्र तंतोतंत हाती येतं, अंदाजाने नव्हे.

बेरजेचा लॉगही तिन्हीकडे भेटतो. भौतिकीत उणे केटीने गुणला की ती मुक्त ऊर्जा. टर्बो कोड या रेडिओतल्या त्रुटी सुधारणाऱ्या कोडच्या लॉग-मॅप डिकोडरमध्ये तोच जेकोबियन लॉगरिदम: दोन आकड्यांतला मोठा, अधिक एक छोटी दुरुस्ती. दोन्ही आकडे सारखे असतील तेव्हा ही दुरुस्ती सर्वांत मोठी, म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग, ०.६९३. निवडीच्या मॉडेलमध्ये त्याच बेरजेच्या लॉगमध्ये आधी आणि नंतर पडलेल्या फरकाला किंमतीच्या सहगुणकाने (चिन्ह काढून) भागलं की एखादा पर्याय बाजारात आल्याने ग्राहकाचा किती फायदा झाला ते पैशांत मिळतं. म्हणून जुन्या कोडमधला ‘आधी सर्वांत मोठा आकडा वजा करा, मग घातांक काढा’ हा भाग जसाच्या तसा उचला. तो वगळला तर डबल प्रिसिजनमध्ये घातांक ७०९ च्या पुढे गेला की ओव्हरफ्लो, सिंगलमध्ये ८८ च्या पुढेच. किंमत मोठ्या आकड्यांत भरलेली असेल तर अंदाजाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच हे घडतं आणि प्रोग्रॅम ‘लाइकलीहूड काढता आला नाही’ म्हणून हात वर करतो (लाइकलीहूड म्हणजे हे सहगुणक धरले तर हाच डेटा मिळण्याची शक्यता). किंमतीला १० किंवा १०० ने भागून सगळे सहगुणक १ च्या आसपास आणणं हा साधा उपाय.

आता तापमान.

भौतिकीत टी स्वतंत्रपणे कळतं, थर्मामीटर लावला की झालं. थर्मामीटर नेता येत नसेल, समजा प्लाझ्मात, तर बोल्ट्झमन आलेख काढतात: अवस्थेची लोकसंख्या भागिले तिची डिजनरसी (त्याच ऊर्जेच्या एकूण किती अवस्था आहेत), याचा लॉग उभ्या अक्षावर, ऊर्जा आडव्या अक्षावर, रेषेचा उतार उणे एक भागिले केटी. हे जमतं कारण ऊर्जा आधीच माहीत असते, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. एकक ठरलेलं, म्हणून उतारातून टी निघतं.

रिसीव्हरमध्येही नॉइजला भौतिक आधार आहे. १९२८ मध्ये जॉन्सन यांनी मोजलेला आणि नायक्विस्ट यांनी समजावलेला उष्मीय नॉइज २९० केल्विनला प्रति हर्ट्झ उणे १७४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). त्यावर रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः घालतो ती भर) आणि शेजारच्यांचा हस्तक्षेप चढतो, म्हणून प्रत्यक्षातली पातळी पायलटवरून अंदाजतात. पायलट म्हणजे काय पाठवलं हे माहीत असलेला सिग्नल. इथेही मोजपट्टी हातात आहे.

निवडीत पायलट नाही. माणसाच्या डोक्यात लेबलला किती ‘एकक’ उपयोगिता आहे हे बाहेरून कुणी सांगू शकत नाही आणि न दिसणाऱ्या भागाचा व्हेरियन्सही (पसाऱ्याचं माप) मोजता येत नाही. डेटातून कळतो तो फक्त दोघांचा भागाकार. सॉफ्टवेअर गुपचूप गुंबेलचा व्हेरियन्स पायचा वर्ग भागिले ६, म्हणजे १.६४५, असा बांधून टाकतं आणि जो सहगुणक छापतं तो खरा सहगुणक गुणिले स्केल असतो (नॉइज जितका जास्त तितकं हे स्केल लहान). भौतिकीच्या भाषेत, आउटपुटमध्ये ऊर्जा नसते, ऊर्जा भागिले केटी असते, आणि टी कुणालाच माहीत नसतं.

हे वाचून पटत नाही, करून पाहिलं की पटतं. सिम्युलेशन लिहिणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम आहे. २०० कृत्रिम उत्तरदाते घ्या, प्रत्येकाला ८ निवड-कार्डं, प्रत्येक कार्डावर ३ पॅक. लेबलचा सहगुणक ०.६, किंमतीचा उणे ०.०४ प्रति एकक चलन. प्रत्येक पॅकच्या उपयोगितेत गुंबेल आकडा मिळवा: शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा घेऊन त्याचा लॉग, त्याचं उणं, परत लॉग, परत उणं. (शून्य किंवा एक नेमका आला तर अनंत मिळतं, म्हणून दोन्ही टोकं थोडी कापा.) ज्याची बेरीज सर्वांत मोठी तो पॅक निवडला गेला. या डेटावर लॉजिट चालवा, ०.६ आणि उणे ०.०४ च्या आसपासचे आकडे परत मिळतील. मग फक्त गुंबेल आकडा दुप्पट करा, बाकी काही हलवू नका. आता मिळतील ०.३ आणि उणे ०.०२ च्या जवळचे. या कृत्रिम माणसांची आवड तसूभर बदललेली नाही, तरी दोन्ही सहगुणक निम्मे. भागाकार मात्र तोच: लेबलसाठी १५ एकक जादा पैसे मोजायची तयारी, दोन्ही वेळा.

आणि वाटा? समान दोन पॅक, एकाला लेबल आणि तो ५ एककांनी महाग. उपयोगितेतला फरक ०.६ वजा ०.२, म्हणजे ०.४, त्यामुळे लेबलवाल्याचा वाटा ५९.९ टक्के. नॉइज दुप्पट केल्यावर फरक ०.२ आणि वाटा ५५ टक्के. म्हणजे मोजायची तयारी स्थिर राहिली, पण वाटा हलला.

रेडिओवाल्यांना ही विभागणी आतून माहीत असते, नाव वेगळं असतं इतकंच. विटर्बी डिकोडरला (सर्वांत संभाव्य बिटमालिका, म्हणजे मार्ग, शोधणारा) नॉइज किती हे सांगावं लागत नाही; पूर्ण फ्रेमभर तो सारखा असेल तर सगळ्या मार्गांची मेट्रिक एकाच पटीत बदलतात आणि जिंकणारा मार्ग तोच राहतो. मॅक्स-लॉग आणि मिन-सम या सोप्या केलेल्या डिकोडरांचंही तेच. पण ५जीच्या डेटा चॅनलवरच्या एलडीपीसी या त्रुटी सुधारणाऱ्या कोडसाठी खरा, सोपा न केलेला सम-प्रॉडक्ट डिकोडर चालवला की चुकीच्या व्हेरियन्सची किंमत मोजावी लागते. बीपीएसकेमध्ये (दोनच बिंदूंचं सर्वांत साधं मॉड्युलेशन) उणे एक आणि अधिक एक पाठवलं, ०.८ आलं, व्हेरियन्स ०.५: एलएलआर होतो २ गुणिले ०.८ भागिले ०.५, म्हणजे ३.२, बिट बरोबर असण्याची शक्यता ०.९६१. व्हेरियन्सच्या जागी चुकून निम्मा आकडा गेला तर एलएलआर ६.४ आणि शक्यता ०.९९८. चिन्ह तेच, आत्मविश्वास खोटा. नॉइजची एकूण घनता वापरायची की एका अक्षावरची निम्मी, या गोंधळातून हा दोनचा घटक सर्रास निसटतो.

म्हणून अन्न-निवडीचं आउटपुट समोर आलं की पहिला प्रश्न हा ठेवा: मला हवा असलेला आकडा स्केलवर अवलंबून आहे का? मोजायची तयारी, दोन गुणधर्मांचा आपापसातला भाव, पर्यायांचा क्रम, हे नाही. बाजारातला वाटा, किंमत १० टक्क्यांनी वाढली तर मागणी किती घटेल, लेबल सक्तीचं केल्यावर किती जण वळतील, हे सगळं आहे. धोरणासाठी लोकांना हवे असतात नेमके दुसऱ्या गटातले आकडे. आणि दोन सर्वेक्षणांतले सहगुणक शेजारी-शेजारी मांडून ‘या गटाला लेबलचं महत्त्व निम्मंच’ असं लिहिणं सरळ चूक आहे; वर पाहिलं तसं नुसता नॉइज दुप्पट असेल तरी तेच दिसतं. ही चूक छापील लेखांतही नेहमी आढळते.

स्केल कमी आला म्हणजे उत्तरदाते गोंधळलेले, असंही लगेच म्हणू नका. हा नॉइज मुळात संशोधकाच्या अज्ञानाचा आहे. कार्डावर चव लिहिता येत नाही, पण माणूस चवीचा विचार करतोच; तो सगळा भाग तुमच्या दृष्टीने नॉइज. कार्ड लांबलचक, गुणधर्म जास्त, घाई असेल तरी नॉइज वाढतो, आणि आउटपुटमध्ये ही कारणं एकमेकांपासून वेगळी दिसत नाहीत.

अर्धवट थर्मामीटर एक आहे: एकच कार्ड त्याच माणसाला दोनदा दाखवणं, मध्ये चार-पाच कार्डं सोडून. दोन पर्यायांत एकाची शक्यता ०.९ असेल तर दोन्ही वेळा तेच उत्तर येण्याची शक्यता ०.८२, ०.७ असेल तर ०.५८. पण आठवण आडवी येते, माणूस मागचं उत्तर आठवून तेच देतो आणि तापमान आहे त्यापेक्षा थंड भासतं. शिवाय संशोधकाला न दिसलेला पण माणसाच्या मनात पक्का असलेला भाग दोन्ही वेळा तोच राहतो, तो यात मोजलाच जात नाही.

तापमानानंतर दुसरी मोठी गोष्ट डिजनरसीची.

लॉजिटमध्ये दोन पर्यायांच्या शक्यतांचं गुणोत्तर तिसऱ्यावर अवलंबून नसतं. डंकन ल्यूस यांनी १९५९ मध्ये हेच गृहीतक म्हणून मांडलं होतं. भौतिकीत यात वावगं काही नाही: नवी अवस्था सापडली म्हणून जुन्या दोघींचं गुणोत्तर कशाला बदलेल? आणि एकाच ऊर्जेच्या दोन अवस्था असतील तर त्या खरंच दुप्पट मोजायच्या. फिरणाऱ्या रेणूच्या पातळीला दोन-जे-अधिक-एक हा घटक (जे म्हणजे फिरण्याचा क्वांटम आकडा) लावला नाही तर बोल्ट्झमन आलेखावरचे बिंदू सरळ रेषेत बसतच नाहीत. १६-क्वॅममध्ये (सोळा बिंदूंचं कॉन्स्टेलेशन) एका बिटचा एलएलआर काढताना ८ बिंदूंची बेरीज वर आणि ८ ची खाली घेतो, तेही योग्यच, कारण सोळाही बिंदू खरोखर सारख्या शक्यतेने पाठवले गेलेले असतात.

दुकानाच्या मांडणीवर मात्र हे गृहीतक तोंडघशी पडतं. साधा ब्रेड आणि अख्ख्या गव्हाचा ब्रेड, निम्मा-निम्मा वाटा. आता साधाच ब्रेड दुसऱ्या रंगाच्या वेष्टनात आणून ठेवा. लॉजिट म्हणतं तिघांना एक तृतीयांश, म्हणजे गव्हाचा ब्रेड ५० वरून ३३ टक्क्यांवर. गव्हाचा ब्रेड घेणारा माणूस साध्या ब्रेडचं वेष्टन बदललं म्हणून कशाला पक्ष बदलेल? खरं तर दोन साधे ब्रेड आपापसात ५० टक्के वाटून घेतील. इथे डिजनरसी खोटी आहे, कारण दोन्ही साध्या ब्रेडचा न दिसणारा भाग स्वतंत्र नाही, एकच आहे.

नेस्टेड लॉजिट हा नेहमीचा उपाय. दोन साधे ब्रेड एका घरट्यात आणि त्या घरट्याला लॅम्डा नावाचा एक आकडा. लॅम्डा १ असेल तर साधा लॉजिट, शून्याकडे गेला तर दोघं मिळून एक. वरच्या उदाहरणात गव्हाच्या ब्रेडचा वाटा होतो एक भागिले (एक अधिक २ चा लॅम्डावा घात), लॅम्डा ०.३ धरला तर ४४.८ टक्के. अंदाजात लॅम्डा १ च्या वर आला तर घरटी चुकीची बांधलीत असं समजा आणि गट बदलून पाहा. बाहेरून १ वर दाबून ठेवू नका. हॉसमन आणि मॅकफॅडन यांची १९८४ ची चाचणीही आहे: एक पर्याय डेटातून काढून परत अंदाज करा, उरलेले सहगुणक हलायला नकोत. छोट्या नमुन्यात ही चाचणी कधीकधी उणा आकडा देते, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नये. त्यापेक्षा कुठले पर्याय एकमेकांसारखे आहेत याचा विचार मॉडेल चालवण्याआधी कागदावर केलेला बरा.

तिसरी गोष्ट माणसांतल्या फरकाची, आणि इथे रेडिओचा अनुभव खरा कामी येतो. बीपीएसकेला सरासरी १० डेसिबल सिग्नल-नॉइज गुणोत्तर दिलं तर नुसत्या उष्मीय नॉइजमध्ये दहा लाखांत सुमारे ४ बिट चुकतात. तीच सरासरी रेली फेडिंगमध्ये (सिग्नलची ताकद सतत वरखाली होत असताना) असेल तर हजारात २३. सरासरी तीच, निकाल हजारो पट वाईट, कारण वक्र रेषेवर आधी सरासरी घेणं आणि नंतर सरासरी घेणं वेगळं. लोकांचंही तसंच. निम्म्यांसाठी लेबलवाल्या पॅकचा फायदा अधिक ४, निम्म्यांसाठी उणे १. सरासरी १.५ घालून लॉजिट काढला तर वाटा ८१.८ टक्के. वेगवेगळा काढून सरासरी घेतली तर ९८.२ आणि २६.९ ची सरासरी, ६२.५ टक्के. साध्या लॉजिटला हा डेटा दिला की तो सहगुणकच खाली ओढून ६२.५ जुळवतो, आणि मग ‘लोकांना लेबलचं फारसं काही नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात निम्म्यांना ते फार हवंय आणि निम्म्यांना नकोय.

यासाठी मिक्स्ड लॉजिट. सहगुणक माणसागणिक बदलतो असं धरायचं आणि त्या वितरणावर सरासरी घ्यायची. इथे हमखास होणारी चूक रेडिओच्या शब्दांत सांगतो, लगेच कळेल: हे ब्लॉक फेडिंग आहे (ताकद एका पूर्ण ब्लॉकभर तीच राहते), वेगवान फेडिंग नाही. एका माणसाच्या आठही कार्डांना एकच सहगुणक लागतो. म्हणून आठ शक्यतांचा गुणाकार आधी, सरासरी नंतर. प्रत्येक कार्डाला नवा आकडा ओढला तर १,६०० स्वतंत्र माणसं असल्यासारखा हिशेब होतो, आवडीतला फरक नीट पकडला जात नाही आणि मानक त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) खोट्या पडतात. सॉफ्टवेअरमध्ये उत्तरदात्याचा क्रमांक आणि ‘पॅनेल’ हा पर्याय दिलाय ना, हे आधी तपासा. चाचणीला २०० हॉल्टन ड्रॉ (वितरणभर समान पसरतील असे ओढलेले आकडे) पुरे, अंतिम आकड्यांसाठी १,००० किंवा जास्त. यादृच्छिक सहगुणक पाच-सहाच्या पुढे गेले की हॉल्टनच्या मालिका एकमेकींशी जुळायला लागतात, तेव्हा सोबोल (तशीच दुसरी मालिका) किंवा फेटलेले हॉल्टन घ्या. सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) बदलून परत चालवा. दुसऱ्या दशांशात आकडे हलले तर ड्रॉ कमी आहेत.

किंमतीच्या सहगुणकाला नॉर्मल वितरण देऊ नका. त्याचा काही भाग शून्याजवळ पडतो, मोजायची तयारी काढताना तोच छेदात येतो आणि सरासरीला अर्थच उरत नाही. एकाच डेटावर एकदा ४० एकक, एकदा उणे ३०० असले प्रकार यातूनच होतात. उणे लॉगनॉर्मल द्या (ते कायम शून्याखालीच राहतं), किंवा मॉडेल सरळ मोजायच्या तयारीच्या भाषेतच लिहा, जिथे भागाकार करावाच लागत नाही. दुसरा मार्ग अधिक चांगला, फक्त अंदाज जुळायला जास्त वेळ घेतो.

डेटा हातात आल्यावर काय? एका ओळीत एका माणसाच्या एका कार्डावरचा एक पर्याय, अशा लांब रचनेत मांडा: माणूस, कार्ड, पर्याय, निवडला का, मग गुणधर्म. ३ पर्यायांच्या १,६०० कार्डांच्या ४,८०० ओळी होतात. प्रत्येक कार्डात ‘निवडला’ची बेरीज १ आहे का पाहा, दुरुस्त करताना कुणीतरी दोन खुणा केलेल्या असतात. मग सगळे सहगुणक शून्य ठेवून लॉग-लाइकलीहूड छापा. ते १,६०० गुणिले एक तृतीयांशाचा लॉग, म्हणजे उणे १,७५७.८, तंतोतंत यायला हवं. नाही आलं तर पर्यायांची संख्या कुठेतरी चुकलीय, पुढे जाण्यात अर्थ नाही. अंदाजानंतर ते समजा उणे १,३०० झालं, तर मॅकफॅडन यांचा रो-वर्ग, म्हणजे जुळणीचं माप, ०.२६. रेषीय रिग्रेशनच्या आर-वर्गाची सवय असलेल्याला हा हलका वाटतो, पण ०.२ ते ०.४ ही उत्तम जुळणी असं खुद्द मॅकफॅडन यांनीच म्हटलंय.

एखादा सहगुणक फेरीगणिक वाढतच चाललाय आणि त्याची मानक त्रुटी शेकड्यांत, तर ते शून्य तापमान आहे: त्या गुणधर्माने निवड पूर्ण ठरवून टाकलीय, अपवाद एकही नाही. बहुधा ती पातळी फार थोड्या कार्डांवर आलेली असते. ‘यातलं काहीच घेणार नाही’ हा पर्याय मॉडेलमध्ये असेल तर त्याला स्वतःचा स्थिरांक द्या आणि इतर एका कुठल्या तरी पर्यायाचा स्थिरांक शून्य ठेवा. ऊर्जेचा शून्य आपण ठरवतो तसंच हे. सगळ्यांना स्थिरांक दिले तर मॅट्रिक्स उलटत नाही. हा पर्याय कार्डावरूनच वगळणं मात्र महागात पडतं, कारण ज्याला ब्रेड नकोच होता त्यालाही एक उचलावा लागतो.

फसवं कार्ड, म्हणजे ज्यात एक पर्याय सगळ्या बाबतीत चांगला आणि स्वस्तही, एक तरी ठेवा. तिथे चुकणाऱ्यांना लगेच काढू नका. त्यांच्यासह आणि त्यांच्याविना, दोन्ही निकाल द्या. किंमतीचं एक विशेष दुखणं: कार्डावर पुरेशी माहिती नसेल तर माणूस महाग म्हणजे चांगलं असं समजतो. मग किंमतीचा सहगुणक शून्याकडे सरकतो आणि मोजायची तयारी फुगते. ती कार्डावरच्या किंमतींच्या पल्ल्याबाहेर गेली, उदाहरणार्थ पॅकच्या किंमती २० ते ५० एकक आणि नुसत्या लेबलसाठी तयारी ७० एकक, तर हीच शंका आधी घ्या.

सर्वेक्षण आणि दुकानातली खरी खरेदी असे दोन्ही डेटा असतील तर तापमानाचा प्रश्न अंशतः सुटतो. पूर्ण नाही, कारण दोन्हीचं टी अज्ञातच राहतं, पण त्यांचं गुणोत्तर काढता येतं. स्वेट आणि लूव्हिएर यांनी १९९३ मध्ये दिलेली पद्धत अशी: दोन्ही डेटांवर वेगवेगळे अंदाज करा आणि एकाचे सहगुणक आडव्या, दुसऱ्याचे उभ्या अक्षावर टाका. बिंदू मूळबिंदूतून जाणाऱ्या रेषेवर बसले तर आवड एकच, फरक स्केलचा, आणि उतार म्हणजे त्यांचं गुणोत्तर. मग दोन्ही डेटा एकत्र करून एकाचं स्केल १ ठेवा, दुसऱ्याचं मोकळं सोडा आणि लाइकलीहूड रेशो पाहा: एकत्रित लॉग-लाइकलीहूडमधून दोन सुट्यांची बेरीज वजा करून उणे दोनने गुणायचं. ६ सामाईक सहगुणक असतील तर मुक्तता (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ५, आणि ५ टक्क्यांची सीमा ११.०७; आकडा त्यापुढे गेला तर फरक नुसता स्केलचा नाही. बहुधा रेषेबाहेर पडणारा बिंदू किंमतीचाच असतो, कारण कागदावरचे पैसे खर्च करताना हात सैल सुटतो. त्यावर इलाज सर्वेक्षणाच्या वेळीच: शेवटी चिठ्ठी टाकून एक कार्ड काढायचं आणि त्यावर निवडलेला पॅक त्या किंमतीला खरंच घ्यायला लावायचा. दुकानातल्या डेटालाही स्वतःचं दुखणं आहे, तिथे किंमत न दिसणाऱ्या दर्जासोबत हलते. तो वेगळाच विषय.

वाट्यांचा अंदाज द्यायचाच असेल तर एलएलआरची तपासणी जशी करता तशीच करा. एलएलआर ३ च्या आसपास असलेले सगळे बिट गोळा केले तर त्यातले ९५.३ टक्के बरोबर असायला हवेत. कमी असतील तर व्हेरियन्स चुकलाय. इथे नमुन्यातली २० टक्के माणसं (कार्डं नव्हे, माणसं) बाजूला ठेवा, उरलेल्यांवर अंदाज करा, आणि बाजूला ठेवलेल्यांच्या ज्या पर्यायांना मॉडेल ०.६ ते ०.७ शक्यता देतं ते खरंच तितक्या वेळा निवडले गेले का पाहा. सर्वेक्षणाचे वाटे खऱ्या बाजारावर बसवायचे असतील तर प्रत्येक पर्यायाच्या स्थिरांकात खरा वाटा भागिले मॉडेलचा वाटा याचा लॉग मिळवा, परत वाटे काढा, परत मिळवा. तीन-चार फेऱ्यांत जुळतं. पण यातून फक्त स्थिरांक सुधारतात, स्केल सर्वेक्षणाचंच राहतं. म्हणजे आजचे वाटे जुळतील आणि उद्या किंमत बदलल्यावरचा अंदाज तरीही चुकेल. स्केल बदलायचं तर वरचं गुणोत्तर लागतं, किंवा किमान किंमत बदलल्याच्या एखाद्या खऱ्या प्रसंगाचा डेटा.

राहता राहिला ‘किती माणसं लागतील’ हा प्रश्न. साध्या लॉजिटसाठी ढोबळ नियम आहे: ५०० गुणिले एका गुणधर्माच्या सर्वाधिक पातळ्या, भागिले कार्डं गुणिले पर्याय. ४ पातळ्या, ८ कार्डं, ३ पर्याय असतील तर ८३.३, म्हणजे ८४ माणसं. हा आकडा फक्त मुख्य परिणामांसाठी, आणि तोही किमान. मिक्स्ड लॉजिट करायचा असेल, गट वेगळे करायचे असतील तर त्यावर विसंबू नका. वरचंच कृत्रिम डेटाचं सिम्युलेशन वेगवेगळ्या संख्येने शंभर-शंभर वेळा चालवा आणि मोजायच्या तयारीचा पसारा तुम्हाला चालेल इतका कधी आकसतो ते पाहा.